यानेरिसच्या परीक्षेचा आळ माझ्यावर

मित्रांनो, मी एक जुना इन्व्हर्टर आहे आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला आहे. गोडगोड ऐकायचं असेल तर आतल्या फ्रीजकडे जा. तो वीज गेली की गप्प बसतो, आणि तरी घरात मान त्यालाच.

दूर समुद्रापलीकडच्या एका बेटावर, मोका गावात, ओन्दिनाबाईंच्या व्हरांड्यात माझं बस्तान आहे. शेजारी लोखंडी मांडणीवर माझ्या चार बॅटऱ्या. ज्या कारखान्यात जन्मलो तिथलं फारसं आठवत नाही. एका मुलीनं स्क्रू पिळले, दुसरीनं झाकण लावलं आणि मी खोक्यात गेलो. मला बसवायला आलेल्या कारागिरानं मात्र स्पष्ट बजावलं होतं की यावर दिवे, पंखे आणि कॉम्प्युटर चालवा, इस्त्री आणि ड्रायर लावू नका, बॅटऱ्यांना वेळेवर पाणी घाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या गल्लीत माना डोलावणाऱ्यांची कधीच कमतरता नव्हती.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. ओन्दिनाबाईंनी माझ्यावर हातानं विणलेला रुमाल टाकला. वीज गेली की सारी गल्ली काळोखात बुडायची आणि आमच्याच खिडक्या उजळायच्या. मग शेजारच्या फेफाबाईंनी भिंतीवरून एक वायर टाकली, एका दिव्यापुरती म्हणून. दिव्यामागून पंखा आला, पंख्यामागून टीव्ही. इथे शेजारणीला वायर नाकारणं म्हणजे प्यायला पाणी नाकारण्यासारखं, त्यामुळे कोणी काही बोललं नाही. भार कोण ओढतंय, हे कुणी विचारलं का? नाही.

त्यात ओन्दिनाबाई घरीच बायकांचे केस बनवतात. डोक्याला रोलर लावलेल्या बायका व्हरांड्यात ओळीनं बसतात, आणि वीज असो वा नसो, ओल्या केसांनी कुणाला घरी पाठवायचं नाही, हा ओन्दिनाबाईंचा बाणा. म्हणजे ड्रायर माझ्या बोकांडी. मी जीव तोडून शिट्टी वाजवायचो. त्यांचे यजमान नेरेओ बेसबॉलच्या सामन्यावरची नजर न काढता म्हणायचे, "रडायला लागला बघा डबा." डबा! बॅटऱ्यांना पाणी घालण्याचं काम या गृहस्थांकडे होतं. ते त्यांना कधी आठवलं नाही.

अशात यानेरिसनं परीक्षेचं मनावर घेतलं. यानेरिस ही ओन्दिनाबाईंची भाची, त्यांनीच लहानाची मोठी केलेली. रसायनशास्त्राची पदवी पदरात पडली होती, आणि पिण्याचं पाणी शुद्ध करण्याचं शास्त्र शिकायला तिला परदेशी विद्यापीठात जायचं होतं. त्यासाठी एक प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. ती कॉम्प्युटरवर होते आणि तिचा न्याय अजब आहे. पहिला भाग चांगला सोडवला की पुढचा आणखी अवघड येतो. म्हणजे नीट काम करणाऱ्याच्या डोक्यावर जास्त ओझं. हे ऐकलं आणि मला ती मुलगी एकदम जवळची वाटली.

या परीक्षेची तयारी नुसती पुस्तकं वाचून होत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ सरत असतो आणि सराव परीक्षा एका बैठकीत पुरी करावी लागते. तिच्या लॅपटॉपची स्वतःची बॅटरी केव्हाच मेली होती, म्हणजे वीज गेली की तो माझ्याच जिवावर. एकदा ती गणिताच्या शेवटच्या भागात असताना व्हरांड्यात ड्रायर सुरू झाला आणि मी बंद पडलो. ती बाहेर आली. मला वाटलं, आता लाथ पडणार.

"मावशी, खऱ्या परीक्षेत असं झालं तर पुन्हा पहिल्यापासून नाही गं करता येत," ती म्हणाली.

"अगं, दोनच बटा राहिल्या होत्या."

"त्या दोन बटांपायी माझं वर्ष जाईल."

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यावरचा तो रुमाल काढला, तेव्हा कुठे मला वारा लागला. बॅटऱ्यांच्या टोकांवरचा पांढरा थर गरम पाण्यानं धुतला, बॅटऱ्यांत पाणी घातलं, सैल झालेल्या वायरी आवळल्या. हे सगळं करताना तोंडानं अवघड इंग्रजी शब्दांची घोकंपट्टी चालू. इतक्या वर्षांत मला प्रेमानं हात लावणारं ते पहिलं माणूस. तेव्हापासून आम्ही दोघांनी मिळून तयारी केली, असंच मी म्हणेन. ती भूमितीत अडकून तासन्‌तास बसायची आणि मी तिचा पडदा विझू द्यायचो नाही.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगतो. वीज परत आली की सगळे एका सुरात ओरडतात, "लाइट आली!" म्हातारे, पोरं, कोपऱ्यावरचा दुकानदार, सगळेच. टाळ्या वाजतात. आणि ओन्दिनाबाई हातातलं टाकून यानेरिसच्या खोलीत सांगायला धावतात, कारण मी जुना, वीज आली तरी आपणहून थांबत नाही; तिनं मला बंद करावं आणि माझा साठा वाचावा. महिनोन्‌महिने हेच चाललं होतं.

राजधानीतल्या परीक्षा केंद्रात जागा उरली नव्हती आणि विद्यापीठाची मुदत जवळ आली होती. म्हणून यानेरिसनं घरूनच परीक्षा द्यायचं ठरवलं. घरच्या परीक्षेचे नियम कडक. खोलीत एकटं बसायचं, दार बंद, आणि पलीकडून एक माणूस कॅमेऱ्यातून पाहत राहणार. कोणी आत आलं की परीक्षा रद्द. तिनं घरोघर जाऊन हे समजावलं, आणि या वेळी माना डोलावणाऱ्यांनी शब्द पाळला. फेफाबाईंनी आपणहून वायर काढली. नेरेओ सामना बघायला दुकानात गेले. ओन्दिनाबाईंनी गिऱ्हाइकांना येऊ नका म्हणून सांगितलं आणि स्वतः दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या, देवीची माळ ओढत.

परीक्षा सुरू झाली आणि वीज गेली. मी लॅपटॉप सांभाळला, इंटरनेटचा डबा सांभाळला, तिच्या डोक्यावरचा पंखासुद्धा सांभाळला. शिट्टी म्हणून वाजवली नाही. शेवटचा भाग सुरू होता आणि माझ्यात अजून पुष्कळ दम होता. तेवढ्यात वीज आली आणि गल्ली ओरडली. ओन्दिनाबाई खुर्चीतून उठल्या, दार उघडलं आणि आनंदानं म्हणाल्या, "पोरी, लाइट आली!"

पलीकडच्या माणसानं परीक्षा रद्द केली. यानेरिसनं त्याला पुष्कळ सांगितलं, पण वीज आल्यावर माणसं आनंदानं ओरडतात, हे त्याला पटेना. मला त्याचा राग आला. त्याहून जास्त राग आला तो वीज कंपनीचा. ज्या विजेसाठी लोक दर महिन्याला बिल भरतात, ती घरी आली तर टाळ्या का वाजवाव्या लागाव्यात? त्या कंपनीच्या साहेबांच्या घरी कोणी टाळ्या वाजवत असेल असं मला वाटत नाही.

संध्याकाळी बायका विचारायला जमल्या. ओन्दिनाबाई कोपऱ्यात तोंड झाकून बसल्या होत्या. यानेरिसनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "इन्व्हर्टर बंद पडला."

मित्रांनो, जिनं मला धुतलं तिच्याच तोंडून हे निघालं. का, ते मला कळत होतं. मावशीला गल्लीत मान खाली घालावी लागू नये, म्हणून. पण कळलं म्हणून काय झालं? आळ तो आळच. बायका मला नावं ठेवत घरी गेल्या.

चार दिवसांनी जुनं सामान विकत घेणारी गाडी भोंगा वाजवत आली. नेरेओंनी ती थांबवली. भर गिऱ्हाइकांत व्हरांड्यात येऊन त्यांनी माझी पहिली बॅटरी सोडवली आणि म्हणाले, "पोरीचा घात करणारी वस्तू मला घरात नको." मुदतीआधी यानेरिसला आणखी एकदाच परीक्षेला बसता येणार होतं. मी गेलो तर ती कशाच्या जोरावर बसणार होती? ती दारात उभी होती. काही बोलावं तर मावशीचं नाव घ्यावं लागणार.

ओन्दिनाबाईंच्या एका हातात कंगवा होता, दुसऱ्या हातात फेफाबाईंचे ओले केस.

"खाली ठेव ती बॅटरी, नेरेओ," त्या म्हणाल्या. "हा बंद पडला नव्हता. दार मी उघडलं."

रोलर लावलेली सगळी डोकी वळली. फेफाबाई काहीतरी बोलणार होत्या, पण यानेरिसनं येऊन मावशीच्या हातातला कंगवा काढून घेतला आणि त्यांना पोटाशी धरलं. नेरेओंनी बॅटरी जागेवर ठेवली. गाडीवाल्याला हातानंच जा म्हणाले. मग आत जाऊन बॅटरीच्या पाण्याची बाटली घेऊन आले आणि पाणी कुठे ओततात, ते यानेरिसला विचारू लागले.

परीक्षा पुन्हा व्हायची आहे. माझा राग अजून गेलेला नाही आणि जाऊ देण्याची मला घाईही नाही. तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे, मित्रांनो. उद्या कोणी सांगितलं की अमुक यंत्रानं घात केला, तर त्याला शिव्या देण्याआधी जवळ जा आणि त्याच्या अंगाला हात लावून बघा. ते गरम लागलं, तर समजा की ते तुमच्यासाठी राबत होतं.