कोल्लमचे एकोणीस दिवस

थंडी पडली की देवाजी मेश्राम आडवं होणं सोडून देत. स्टील प्लांटमधून रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, आणि गेले तीन हिवाळे त्यांनी दुर्गजवळच्या रुआबांध्याच्या घरात पलंगावर उशांना टेकून, बसूनच काढले होते. तरुणपणापासूनची बिडी फुप्फुसांत बसलीय, असं डॉक्टर म्हणाले. हिवाळ्यापुरतं कुठं समुद्राकाठी उबेला राहता आलं तर बघा. त्यांनी ते सहजच म्हटलं असावं. पण देवाजींचा भाचा नागसेन रेल्वेत होता, त्याची बदली केरळात कोल्लमला झाली होती आणि क्वार्टरात तो एकटाच होता. मामा-मामींनी डिसेंबरात यावं आणि मार्चमध्येच परतावं, असा त्याने हट्ट धरला.

देवाजी आणि पंचफुला दुर्गहून केरळच्या गाडीत बसले तेव्हा देवाजींच्या अंगात स्वेटर होता, त्यावर शाल, कानाला मफलर. कोल्लमला उतरले ते नुसत्या शर्टावर. भर डिसेंबरात मानेवरचा घाम पुसत ते हसले. असं हसताना पंचफुलाने त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी जेवून ते चटईवर पडले आणि झोपून गेले, अगदी सपाट, उशीशिवाय. पंचफुला त्यांच्या छातीकडे बघत बसली. छाती हळू, एकसारखी वरखाली होत होती. तरी तिने दोनदा त्यांच्या नाकापुढे हात धरून पाहिला.

पुढं ते रोज सकाळी एकटेच किनाऱ्यावर जाऊ लागले. मच्छीमार जाळं ओढत, तिथं ते उभे राहत, आणि एक दिवस दोराचं टोक त्यांनीही धरलं. भाषा येत नव्हती, पण चहाच्या टपरीवर त्यांची जागा ठरून गेली. कपडे वाळत घालायची दोरी त्यांनी बांधली, नागसेनच्या स्वयंपाकघराचा नळ दुरुस्त केला.

पंचफुलाला मात्र दिवस जाता जात नसे. नागसेन ड्युटीवर, हे समुद्रावर. शेजारणी हसून काही बोलत, ती हसून मान हलवी, आणि दार लोटून घेई. रुआबांध्याला दुपारी बायका ओट्यावर जमत, नात साक्षी शाळेतून येऊन तिच्या पदरात शिरे. इथं दिवसभरात तिच्या तोंडून चार शब्द निघत नव्हते. पण नवऱ्याला श्वास मिळतोय आणि आपल्याला करमत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

एकोणिसाव्या दिवशी मुलाचा, रोशनचा, फोन आला. बोलता बोलता तो म्हणाला, साक्षीला जरा सर्दी झालीय. थोड्या वेळाने देवाजी किनाऱ्यावरून आले, पायऱ्यांवर बसून पायाची वाळू झटकू लागले.

"मी नागसेनले सांगून देलं, मार्चपर्यंत राहतो म्हणून," ते म्हणाले. "मले इथं दम लागत नाही, फुला."

मार्च ऐकलं आणि तिचा धीर सुटला.

"साक्षीले ताप आहे," ती म्हणाली. "तीन दिवस झाले. आजी-आजी करून राहिली."

देवाजी एका पायाची वाळू तशीच ठेवून थांबले. मग म्हणाले, "मंग चाल."

नागपूर मागे पडल्यावर त्यांनी स्वेटर मागितला. दुर्ग स्टेशनवर धुकं होतं. रोशनबरोबर आलेली साक्षी आजोबांकडे धावत सुटली. देवाजींनी वाकून तिच्या कपाळाला हात लावला आणि ताप उतरला का म्हणून विचारलं. रोशनने आईकडे पाहिलं. "उतरला," पंचफुलाच घाईने म्हणाली.

परतल्यावर आठव्या दिवशी देवाजींना दवाखान्यात भरती करावं लागलं. अकरा दिवसांनी घरी आणलं ते ऑक्सिजनच्या मशीनसकट. आता प्रवासाचं नावही काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं.

दोन दिवस पंचफुलाने कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती पलंगापाशी खाली बसली आणि तिने सांगून टाकलं. साक्षीला ताप नव्हता. साधी सर्दी होती. मला तिथं करमत नव्हतं.

मशीन घरघरत होती.

"करमत नाही म्हणून सांगतलं असतं," देवाजी दम घेत म्हणाले, "त तिथं राहाले आणखी एक महिना तरी मी तुयाकडून मागून घेतला असता."

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. चहा मागत, गोळी मागत, साक्षीचा अभ्यास विचारत. त्यांनी एकदा तरी चिडावं, तोडून बोलावं, म्हणून पंचफुला वाट बघे. ते रागावले नाहीत. तिच्याकडे बघणं मात्र कमी झालं.

फेब्रुवारीच्या मध्यावर, सकाळचं ऊन अंगणात आलेलं असताना, देवाजी गेले.

नागसेन आला. बुद्धवंदना झाल्यावर तो जमलेल्यांना सांगत होता की मामा तिकडे कसे जवान झाले होते, आणि मामी नसती तर ते घरातून हललेच नसते. बायकांनी माना डोलावल्या. शेजारची सिंधुताई पंचफुलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "लय केलं बाई तू त्याइच्यासाठी."

समोर रोशन बसला होता. त्याने आईकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली वळवली. पंचफुलाने पदर कपाळावर पुढे ओढला. सिंधुताईचा हात पाठीवरून फिरत राहिला.