शेवटच्या दोन रस्त्यांची झाडं

ती गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिच्या लॅपटॉपचं मेमरी कार्ड माझ्या शर्टाच्या खिशात होतं.

माझी बायको नगरपालिकेसाठी झाडं मोजायची. बुंध्याला टेप लावायची आणि घेर तिथेच उभ्याने जुन्या लॅपटॉपवर भरायची. कामावरच तिला चक्कर आली. तिला दवाखान्यात नेलं, लॅपटॉप घरी आला, तसाच चालू. दुसऱ्या दिवशी तिने निरोप दिला, बाजूच्या खाचेतलं नोंदींचं कार्ड काढा आणि ऑफिसात द्या.

ते कसं काढायचं हे तिने मला अनेकदा दाखवलं होतं. लॅपटॉपवर लिनक्स ही प्रणाली होती. आधी उघडी फाइल साठवून बंद करायची, मग कार्ड सोडायची आज्ञा टाइप करायची. यंत्र पोटात राहिलेलं सगळं कार्डावर उतरवतं आणि मोकळं झालं की सांगतं. तोवर हात लावायचा नाही. आज्ञेची चिठ्ठी तिने झाकणाला चिकटवली होती. मी पंपदुरुस्तीवाला. "हा तुमचा पंप नाही, मनाला येईल तेव्हा उपटायला," असं ती म्हणायची.

त्या सकाळी दवाखान्यातली भेटीची वेळ संपत आली होती. कार्डाचा दिवा विझलेला दिसला. आमच्या पंपांच्या कामात दिवा विझला की काम थांबलेलं असतं. मी कार्ड ओढलं, बटण दाबून लॅपटॉप बंद केला आणि तिच्याकडे धावलो.

"नीट सोडवून काढलंत ना?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो. तिने डोळे मिटले. दुपारी ती गेली.

पंधरा दिवसांनी मी कार्ड घेऊन ऑफिसात गेलो. तिच्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ते लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं. शेवटच्या दोन रस्त्यांची झाडं त्यात नव्हती. आजारी होत्या, भरायचं राहून गेलं असेल, असं साहेब समजुतीने म्हणाले आणि तिच्या नावापुढे शेरा लिहू लागले.

"तिचं काही राहिलं नव्हतं," मी म्हणालो. "मी कार्ड तसंच ओढलं. आणि तिला खोटं सांगितलं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग त्या बाई म्हणाल्या, "भाऊजी, टेप ताईंच्या खणात आहे."

आता दुकान उघडायच्या आधी मी झाडं मोजतो. घरी येऊन फाइल बंद करतो, एका बोटाने आज्ञा टाइप करतो, यंत्र सांगेपर्यंत थांबतो.

एक रस्ता झाला. दुसऱ्यावरची त्रेसष्ट झाडं अजून मोजायची आहेत.