डॉक्टरीणबाईंचा डबा

मित्रांनो, मी एक जुना, तीन पुडांचा स्टीलचा डबा आहे. सध्या माझ्या खालच्या पुडात खिळे आहेत, मधल्यात स्क्रू आणि वरच्यात नुसती धूळ. नाक मुरडू नका. एके काळी माझ्यात मेथीची भाजी, बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी असायची. ते कोणी खायचं नाही, ही गोष्ट वेगळी. तीच तर सांगायची आहे.

माझ्या झाकणावर अजूनही वाचता येतं : 'डॉ. ललिता हिस आईकडून, १९९३'. दौंडच्या भांड्यांच्या दुकानात ही अक्षरं कोरली, तेव्हा मला गुदगुल्या झाल्या होत्या. मला विकत घेणारी तानुबाई कासुर्डीची. तिचं तरुणपण मेंढरांमागं चालण्यात गेलं. तिची लेक डॉक्टर झाली आणि राहू गावात तिनं स्वतःचा दवाखाना काढला. पहिल्या दिवशी मला लेकीच्या हातात देताना तानुबाई म्हणाली, "डॉक्टर झालीस म्हून काय पोट ग्येलं का तुझं? अगं, दुपारचं मेंढरू सुदा सावलीला बसतं. ते बसलं की आपन भाकर सोडायची. तू बी बसत जा."

रोज सकाळी ललिताबाई मला लुनाला अडकवायच्या आणि आम्ही धुरळा खात राहूला यायचो. सुरुवातीला एक वाजता माझं झाकण निघायचं. मग एकदा घास हातात असताना विंचू चावलेला माणूस आला. बाई उठल्या. उठायलाच हवं होतं, त्यात वाद नाही. पण हळूहळू, ज्यांचा गुडघा गेल्या दिवाळीपासून दुखतोय, असेही पडदा बाजूला सारून डोकावू लागले. "जेवताय व्हय बाई? जेवा, जेवा. माझं तेवढं बघा आन् मग जेवा!"

असं म्हणणाऱ्यांत सोपानराव पहिले. फुलांचे आणि भाजीपाल्याचे मोठे बागायतदार. माणूस वाईट नव्हता हो. बाईंना टोपलंभर वांगी आणून द्यायचा आणि चारचौघांत छाती फुगवून सांगायचा, "आमच्या बाई म्हंजी देवमाणूस! तोंडातला घास ठिवून पेशंट बघत्यात." वांगी मिळायची, वांगी खायला सवड मिळायची नाही. संध्याकाळी दवाखाना झाडणाऱ्या गिताबाई मला कुत्र्यांपुढं रिकामा करायच्या. तानुबाईच्या हातचं खाऊन राहूतली कुत्री गुबगुबीत झाली आणि बाई पित्ताच्या गोळ्या खाऊ लागल्या.

आणि खरं सांगू? बाईंना ते कौतुक गोड लागू लागलं होतं. मेथीच्या भाजीपेक्षाही गोड.

पुढं काम फारच वाढलं, तेव्हा बाईंनी मदतीला पूनम नावाची नवी डॉक्टर आणली. हसरी, चुणचुणीत पोर. बरोबर एक वाजता तिनं दाराला आतून कडी घातली आणि माझ्याशेजारी आपला गुलाबी डबा मांडला. "चला ताई, अर्धा तास कुणी येत नाही. मोठं काही असलं तर गिताबाई हाक मारतील." त्या दिवशी बाई पोटभर जेवल्या. कितीतरी दिवसांनी खळखळून हसल्या. मी रिकामा घरी गेलो, तेव्हा तानुबाईनं मला आत-बाहेर पाहिलं, लेकीचा तृप्त चेहरा पाहिला आणि तिच्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस!

पण आमचं कसलं नशीब? एका दुपारी सोपानरावांनी दार बडवलं. अंग कसकसत होतं, सुई हवी होती. गिताबाईंनी थांबा म्हटलं, तरी ऐकेनात. पूनमनं दार किलकिलं केलं.

"मामा, अर्धा तास बसा. जेवतोय आम्ही."

"जेवाय आलीस का पेशंट बघाय?" सोपानराव तिच्या डोक्यावरून आत बघत म्हणाले, "बाई, तुमी कवा असं दार लावलं न्हाई. ही पोरगी तुमाला बी बिघडवती!"

पूनमनं बाईंकडं पाहिलं. मीही पाहिलं. बाईंनी एक शब्द बोलायचा होता, 'थांबा' एवढाच. पण त्यांनी घास माझ्यात परत ठेवला, हात धुतले आणि दार सताड उघडलं. वर म्हणाल्या, "पूनम, अगं, मी इतकी वर्षं अशीच काढली. त्यात काय एवढं?"

झालं! गावानं पूनमचं नावच पाडलं, 'जेवणारी डाक्टर'. तिच्याकडं कुणी फिरकेना, सगळी रांग बाईंच्याच टेबलापुढं. दिवाळीच्या आधी ती पोर निघून गेली. जाताना म्हणाली, "ताई, दार त्यांनी वाजवलं. उघडलं तुम्ही."

त्यानंतर माझं झाकण फारसं निघालंच नाही. एका दुपारी बाईंनी कसाबसा घास उचलला, तोच पडदा हलला. "बाई, माझं तेवढं..." बाई घास हातात धरून हमसून हमसून रडू लागल्या. पडद्यातला माणूस घाबरून पळाला. गिताबाईंनी त्यांना जवळ घेतलं, पण आता उशीर झाला होता. थोड्याच दिवसांत दवाखाना बंद झाला. बाईंनी एका कंपनीच्या दवाखान्यात नोकरी धरली. तिथं म्हणे जेवणाचा भोंगा होतो. मी मात्र इथंच खिडकीत राहिलो. विसरल्या की मुद्दाम ठेवून गेल्या, कोण जाणे.

"शेवटी ग्येल्याच की! आता कुठं राह्यलीत देवमाणसं?" सोपानराव म्हणाले. बडवलेलं दार ते सोयीस्कर विसरले होते.

दवाखान्याच्या जागी दगडोबा सुताराचं दुकान आलं आणि माझ्यात खिळे पडले. परवा सोपानरावांची नात समृद्धी तापानं फणफणली. तिला जीपमध्ये घालून दौंडला न्यावं लागलं. पोर वाचली, देवाची कृपा. परत येताना ते माझ्या खिडकीखाली टेकले.

"लई उशीर झाला का?" दगडोबानं विचारलं.

"तर! डाक्टर जेवत व्हते. पोरीला मांडीवर घिऊन बसलो बाहेर."

"मग दार न्हाई वाजवलं?"

"छ्या! परक्या गावात तसं शोभतंय व्हय? जेवतंय मानूस, तर जेवू द्यावं की!"

माझ्या पोटातले खिळे टोचले हो मला. बसता येत होतं तर या माणसाला! फक्त आपल्या बाईंसाठी कधी बसला नाही.

मित्रांनो, तुमच्या गावात अजून एखादा डॉक्टर उरला असेल, तर दुपारी त्याच्या दारापाशी जरा गुमान बसा. देवमाणूस म्हणू नका. देवाला नैवेद्य नुसता दाखवला तरी चालतो, माणसाला तो खाऊ द्यावा लागतो.