खाटेखाली दोन विटा

मित्रांनो, मी एक जुनी वीट आहे. कोपरा उडालेली, एका अंगानं काळी. माझी गोष्ट गोड नाही. गोड हवी असेल तर दुसरीकडं बघा.

कृष्णाकाठच्या भट्टीत मी भाजले गेले. भिंतीत बसले असते तर सुखात राहिले असते. पण १९९४ साली माधवनगरात कृष्णात नावाच्या विणकराच्या खोलीत आम्हा दोघी बहिणींना वेगळंच काम लागलं. त्याच्या खाटेच्या उशाकडच्या दोन पायांखाली आम्हांला सरकवलं.

कृष्णात दोन वर्षं खोकत होता. सगळे म्हणत, गिरणीतली कापसाची धूळ. क्षयाच्या गोळ्याही खाऊन झाल्या. शेवटी सांगलीच्या एका डॉक्टरनं चोर पकडला. कृष्णात आडवा झाला की जठरातलं आंबट पाणी घशापर्यंत चढायचं आणि श्वासनळीतून छातीत उतरायचं. एक फुप्फुस त्या पाण्यानं जाळलंच होतं.

त्याची बायको अंजना डॉक्टरला भेटून घरी आली आणि त्याला म्हणाली, "आवं, परदेशात म्हनं फुप्फुस बदलून देत्यात. पर डॉक्टर म्हनलं, पोटातलं पानी वर येत ऱ्हायलं तर नवं बी नासंल. आदी ऑपरेशन करून पोटाचं तोंड आवळाय पायजे."

"म्हंजी पोटाला चेन बसवायची म्हन की!" कृष्णात हसला, आणि हसता हसता खोकला.

तोवर उरलेलं फुप्फुस वाचवायचं काम आमचं. डोकं उंच, म्हणजे पाणी खाली. कंपाउंडरनं चिठ्ठी दिली होती: 'खाटेखाली दोन विटा.' बस्स. कुठल्या बाजूला, कशासाठी, हे लिहायला त्याचा हात दुखत असावा. डॉक्टरनं तोंडी सांगितलेलं ऐकून अंजनानं आम्हांला उशाकडं बसवलं आणि चिठ्ठी भिंतीला चिकटवली. तीन आठवड्यांत खोकला निम्म्यावर आला. "विटा न्हवं, भनी हायत माझ्या," ती म्हणायची.

ऑपरेशनला चार दिवस उरले. अंजना रक्ताची सोय करायला सांगलीला गेली. दुपारी लोणंदहून कृष्णातचे चुलते दादासो आले; घरात त्यांना नाना म्हणत. बापामागं त्यांनीच त्याला वाढवलेलं. डब्यातला रस्सा त्यांनी पोटभर खाऊ घातला. मग खाट बघून ओरडले, "आरं गड्या, पाय दक्षिणंला? यमाच्या दारात पाय करून निजतोस व्हय रं?"

"नाना, डॉक्टरनं..."

"कागदावर काय लिवलंय? खाटेखाली दोन विटा. हायत की विटा!"

त्यांनी उशी उचलून दुसऱ्या टोकाला टाकली. आम्ही होतो तिथंच राहिलो.

"नाना, डोकं खाली ग्येल्यागत वाटतंय."

"घसरतोस काय? नीज गप."

वाढवणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? तो निजला. आता आम्ही त्याच्या पायांकडं होतो. जे पाणी अडवायचं, तेच त्याच्या छातीत लोटत होतो. मला तोंड असतं तर किंचाळले असते. दादासो मात्र मायेनं त्याचे पाय चेपत बसले होते.

अंजना आली तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच त्यानं जीव सोडला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी.

"नाना, उशी फिरवलीसा," अंजना म्हणाली, "मग विटा का न्हाई फिरवल्या?"

दादासोंनी भिंतीवरच्या चिठ्ठीकडं नुसतं बोट दाखवलं.

त्याच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी तापवायला दारात तीन विटांची चूल मांडली. त्यातल्या दोन आम्ही. माझ्या अंगावरची काजळी ती.

मित्रांनो, सांगितलेलं मुकाट्यानं करू नका. का, ते विचारा. डॉक्टरला विचारा, चुलत्याला विचारा. रागावले तर रागावू द्या. आणि आजाऱ्याची खाट हलवाल तेव्हा दिशा मागनं बघा. आधी त्याचं डोकं कुठं आहे ते बघा.