ग्रोझ्दानच्या अंथरुणातला भोपळा

आमच्या शेजारच्या ग्रोझ्दानला ताप भरला आणि त्याची बायको स्तामेना हरखली. खोटं न्हाई सांगत, मी दारातच हुभा हुतो.

झालं असं, की हिवाळ्यात उंदरांनी तिचं बियाणं फस्त केलेलं. तिच्या आईकडनं आलेल्या करड्या भोपळ्याच्या अकरा बिया तेवढ्या उरल्या. तसला भोपळा डॅन्यूबच्या काठाला दुसऱ्या कुणाकडं नव्हता. एप्रिल अर्धा सरला तरी माती बर्फागत गार, म्हणून बाई घरातच दह्याच्या डब्यांत बी लावायची. पण औंदा धुराडं ढासळलं आणि चूल बंद पडली. घरात तोंडातनं वाफ निघायची.

"माझ्या घरी ठेव की डबे," मी म्हणालो.

"तुझ्या घरात मांजर हाय. ते उकरतंय."

त्यातच ग्रोझ्दानचं अंग तापलं. स्तामेनानं त्याच्या कपाळाला हात लावला, मग डब्यांकडं बघितलं. घटकाभरात अकराच्या अकरा डबे गोधडीत, नवऱ्याच्या दोन्ही अंगांना.

"कूस बदलायची न्हाई," ती म्हणाली. "सांडलं तर बघ."

दुसऱ्या दिवशी नर्सबाई त्सोन्का आली. गोधडी उचलली, आणि गपकन खाली सोडली.

"ह्ये काय?"

"बी हाय."

"माणूस तापानं फणफणलाय आणि तू शेती करतीस? ही गोळी दे, सांजपातुर ताप उतरंल."

"सांजपातुर नको," स्तामेना म्हणाली. "गुरवारपातुर चालंल."

नर्सबाईनं कपाळाला हात मारला. "आवं ग्रोझ्दानकाका, तुमी तरी बोला."

ग्रोझ्दान छताकडं बघत पडलेला. म्हणाला, "अकराच बिया हायेत, पोरी."

शेवटी नर्सबाईनं स्वतः त्याच्या तोंडात गोळी घातली आणि गिळेपातुर हलली न्हाई. सांजच्याला ताप उतरला. स्तामेना दोन दिवस नर्सबाईच्या नावानं बोटं मोडत हुती. पण नवऱ्याला तिनं उठू दिलं न्हाई. धडधाकट माणूस आठवडाभर लाकडागत सरळ पडून. भाकरी ती भरवायची. रोज सकाळी वाकून हळू आवाजात म्हणायची, "कसं हाय माझं सोनं? ऊब लागती न्हवं?"

चाळीस वर्सांत असलं बोलणं त्यानं ऐकलेलं नव्हतं. चवथ्या दिवशी त्याला उमगलं की ती डब्यांशी बोलतीया. मला म्हणाला, "असू दे. कानावर तर पडतंय."

सातव्या दिवशी मातीतनं कोंबांची कमान वर आली. दोन-दोन जाड पानं बियांची टोपी झटकून वर. अकरातली नऊ उगवली. ग्रोझ्दान उठला आणि पाय लटपटत असतानाच शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून आला, पोर झाल्यागत. स्तामेनानं एक रोप नर्सबाईला दिलं. "ह्याला गोळी घालू नगंस," एवढंच बोलली.

मे महिन्यात रोपं रानात गेली, आणि शरदात एकेक भोपळा वासराएवढा झाला. पहिला कापून, अक्रोड नि मध घालून, माझ्याच चुलीवर भाजला. वासानं गल्ली भरली. ग्रोझ्दाननं ताट बाजूला सारलं.

"मी न्हाई खाणार."

"का?"

"आंगाखांद्यावर वाढवलेल्याला कोण खातंय?"

स्तामेनानं त्याच्याकडं बघितलं, एक फोड मोडली आणि त्याच्या तोंडाशी धरली. "खा, माझ्या सोन्या," ती म्हणाली. खोलीत एकबी डबा नव्हता.

ग्रोझ्दाननं चार फोडी खाल्ल्या.