छतावरचं फूल

"मिस्त्री, हात लावायचा नाय! वहिनी मला फाडून खातील."

खंडूनं पोतं चौकात टेकवलं आणि रतनच्या हातातली हातोडी काढून घेतली.

"अरे, नुसतं बघतोय रे."

"मग लांबून बघा ना."

रतन निमूटपणे दारातल्या खुर्चीत बसला. त्यानं पस्तीस वर्षं लोकांच्या घरांत पीओपीची छतं केली होती. आता डॉक्टरांनी त्याच पावडरीचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं होतं. चार पावलं चाललं की दम लागायचा. मान मात्र अजून सवयीनं वर जायची. "पोरगी बघायला आले तरी ह्यांचं लक्ष पोरीच्या डोक्यावरच्या सिलिंगकडं," असं त्याची बायको शांताबाई चारचौघांत सांगायची आणि स्वतःच हसायची.

चारकोपच्या त्या बैठ्या सोसायटीच्या चौकात खाटेएवढा मातीचा तुकडा उरला होता. तिथं शांताबाईला चाकवत लावायचा होता. आईच्या हातची, ताकातली चाकवताची भाजी तिच्या जिभेवरून काही जात नव्हती. दोनदा बी पेरलं, दोनदा वाया गेलं. पाणी ओतलं की संध्याकाळपर्यंत तिथंच तळं. सुकलं की वर पांढरी खपली आणि खाली दगडासारखी माती. मुळात खाडीकाठची भराव घातलेली जागा, त्यात वर्षानुवर्षं बोअरचं मचूळ पाणी, दुसरं काय होणार?

सेक्रेटरी मधुकरराव माणूस सज्जन, पण त्यांचाही नाइलाज होता. "शांताबाई, डास होतात हो. दिवाळीनंतर पेव्हर ब्लॉक टाकतोय. तोवर काही उगवलं तर तेवढी जागा सोडू, शब्द माझा."

शांताबाईनं माती हातावर घेऊन चुरगाळून पाहिली होती. "चोपण झालीय ही, खारानं आवळलीय. आमच्या दादांच्या रानात कालव्याच्या पाण्यानं असंच झालं होतं. त्यांनी जिप्सम टाकलं, चर खणला, अन् गोड्या पाण्यानं खार धुऊन काढला." मग रतनकडं बघून तिला हसू फुटलं. "तुम्ही मला बघायला आलात तेव्हा कानामागं पांढरी पावडर होती. मला वाटलं, ह्यांचंही रान चोपणच दिसतंय."

रतन खुर्चीत ताठ बसला. "शांते, अगं जिप्सम म्हणजे आमचंच पीओपी की! जिप्सम भाजून ती पावडर करतात. पाण्यात कालवून घट्ट झालं की परत जिप्समच."

तेव्हापासून खंडू, रतनच्या हाताखाली शिकून आता स्वतः कामं घेणारा, पाडलेल्या छतांचे तुकडे आणू लागला. शांताबाई त्यांचा रंग खरवडायची, धूळ उडू नये म्हणून ते भिजवायची, कुटून मातीत मिसळायची. बोअरचं पाणी बंद केलं. शेजारणी एसीखाली बादल्या लावून ते बिनखाराचं पाणी आणून ओतू लागल्या. गटारापर्यंत चर काढला. पावसाळाही बराच खार घेऊन गेला. पाणी आता पूर्वीइतकं तुंबत नव्हतं, पण मनासारखं जिरतही नव्हतं. दिवाळी जवळ येत चालली होती.

"पवईच्या फ्लॅटचा माल आहे. हे शेवटचं पोतं, मिस्त्री. काम संपलं तिथलं," खंडू म्हणाला आणि त्यानं पोतं ओतलं.

ढिगाऱ्यात छताच्या मधोमध बसवतात तसलं पीओपीचं एक अर्धं फूल होतं. रतननं खाली वाकून ते उचललं, उलटं केलं. पाकळीच्या पाठीवर अंगठ्याचा खळगा होता.

त्याचाच अंगठा. प्रत्येक फुलाच्या पाठीवर, माल ओला असताना, तो डावा अंगठा दाबायचा. फूल छताला चढलं की तो खळगा कुणालाच दिसायचा नाही. ते घर त्याला आठवलं. फूल चढल्यावर तिथल्या म्हातारीनं त्याच्या हातावर पेढा ठेवला होता.

शांताबाई तोवर बाहेर आली. तिनं खळगा पाहिला, रतनचा चेहरा पाहिला.

"तुमचं?"

"हं."

"हे भिंतीवर लावू. किती वर्षं म्हणत होते, एक फूल आपल्या घरी करा."

रतनला ओशाळल्यासारखं झालं. ती म्हणत होती हे खरंच. पण त्यांच्या स्वतःच्या खोलीला पत्रा. पत्र्याला कसलं फूल, आधी स्लॅब होऊ दे, असं म्हणता म्हणता हातातली ताकदच गेली.

"अर्धं तुटकं फूल काय बघत बसशील?" तो म्हणाला. "मातीत गेलं तर तुझा चाकवत तरी उगवेल. तेवढं तरी माझ्या हातून होऊ दे."

तिनं आत जाऊन ओला पंचा आणला, त्याच्या नाकातोंडाला बांधला, फुलावर तांब्याभर पाणी ओतलं आणि हातोडी त्याच्या हातात दिली. खंडूनं तोंड फिरवलं. तिसऱ्या घावाला रतनला धाप लागली, पण त्यानं हातोडी सोडली नाही. अंगठ्याचा ठसा असलेला तुकडा शांताबाईनं हळूच उचलून पदराखाली घेतला. त्यानं पाहिलं.

"तोही टाक."

"एवढा माझा."

सगळं मिसळून झाल्यावर तिनं बादली ओतली. पाणी साचलं. दोघं बघत राहिले. मग कडेनं माती दिसू लागली, बुडबुडे आले, आणि पाणी सावकाश खाली गेलं. त्याला स्वतःलाच मोकळा श्वास मिळाल्यासारखं वाटलं.

तिनं तिसऱ्यांदा बी पेरलं, आणि दिवाळीत चाकवताची बोटभर रोपं वर आली. मधुकररावांनी पेव्हरवाल्याला तेवढी जागा सोडून खडूची रेघ मारायला लावली.

त्या दुपारी रतन खोलीत आडवा झाला. सवयीनं नजर पत्र्याकडे गेली आणि वाटेत अडली. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, बळकटीसाठी पीओपीत घालतात त्या, फुलातून निघालेल्या काथ्यानं तो तुकडा खिळ्याला टांगलेला होता. पाकळी भिंतीकडे, अंगठा घराकडे.

"शांते, उलटं लावलंस गं."

ती चहा गाळत होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

"बरोबर लावलंय," ती म्हणाली.