तीन खोल्यांचं गोदाम

चाकोच्या कापूसपट्ट्यातल्या आमच्या सहकारी संस्थेचं गोदाम जळालं, तेव्हा गावावर आठवडाभर धूर होता. कापसाच्या सगळ्या गाठी एकाच छपराखाली, छताला भिडतील अशा रचलेल्या. एक पेटली आणि गावाचा अख्खा हंगाम गेला.

नव्या गोदामाचं काम इल्दाकडे आलं. गावचीच मुलगी, शहरात इंजिनियर झालेली. तिने सभेत नकाशा पसरला. मधे जाड भिंती घालून तीन खोल्या, प्रत्येकीला बाहेर उघडणारं दार, थप्प्यांमधून रुंद वाटा.

अध्यक्ष बासिलिओंनी तेरेरेचा, गार काढ्याचा पेला खाली ठेवला. "पोरी, गोदाम कापसाला बांधतेयस की वाऱ्याला? निम्मी जागा रिकामीच!"

"निम्मी नाही काका, पाव. उद्या फुटबॉलच्या मैदानावर या, दाखवते."

सकाळी तिने मैदानावर चुन्याने दोन गोदामं आखली, जुन्या पद्धतीचं आणि तिचं. दोन्हींत गवताच्या गाठी रचल्या. मग मला म्हणाली, "फाबियान, मागच्या कोपऱ्यातली गाठ आण."

तिच्या आखणीत मी फोर्कलिफ्ट सरळ आत नेली, गाठ उचलली, बाहेर आलो. जुन्यात मात्र पुढच्या गाठी हलवता हलवता घामाने निथळलो.

"याला पढवून ठेवलंय!" म्हणत बासिलिओ स्वतःच फोर्कलिफ्टवर चढले. जुन्या आखणीत शिरून पहिल्याच वळणावर त्यांनी अख्खी थप्पी आडवी केली. लोक पोट धरून हसले. ते उतरले, विजार झटकली. "बांध बाई. पण दारं मोठी ठेव."

तिसऱ्या हंगामात भर दुपारी मधल्या खोलीतून धूर आला. सरकी काढताना जिनिंगमध्ये उडालेली ठिणगी पोटात घेऊन एक गाठ आली होती.

"बाजूच्या खोल्यांची दारं लावा!" इल्दा धावत आली. "गाठ आत फोडू नका, वारा लागला की भडकेल. बाहेर काढा!"

तोंडाला ओलं फडकं बांधून मी आत गेलो. वाट मोकळी होती. धुमसती गाठ आणि तिच्या शेजारच्या गाठी उघड्या पटांगणात नेऊन टाकल्या. एक थप्पी गेली, बाकी सगळं वाचलं.

पलीकडच्या खोलीत बासिलिओ मधल्या जाड भिंतीला तळवा लावून उभे होते.

"गार आहे," ते म्हणाले. पुन्हा हात लावून पाहिला. "गार आहे, इंजिनियरबाई."

इतक्या वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदाच असं म्हटलं. ती काजळीने माखलेल्या तोंडाने हसली.

संध्याकाळी सूतगिरणीचा ट्रक ठरल्याप्रमाणे आला, आणि आम्ही पहिल्या खोलीतून गाठी भरायला लागलो.